हेलिकॉप्टर बनवायला निघालेल्या इंजिनिअरने जगाला स्कूटर आणि तीनचाकी दिली

रिक्षावाल्याने वळणावर वेग कमी केला नाही, तर मागे बसलेले तिघेही एका बाजूला सरकतात आणि गाडी कलंडते की काय अशी धास्ती वाटते. तेच वळण स्कूटरवाला अंग कलवून आरामात घेतो. आपल्याकडच्या या दोन्ही गाड्यांचा माग काढला की आपण एकाच माणसापाशी पोहोचतो. इटलीचे इंजिनिअर कोराडिनो डास्कानियो.

गंमत म्हणजे या माणसाला स्कूटरही बनवायची नव्हती आणि तीनचाकीही. त्यांना बनवायचं होतं हेलिकॉप्टर.

डास्कानियो यांचा जन्म १८९१ सालचा, इटलीतल्या पोपोली या लहानशा गावातला. लहानपणापासून उडण्याचं वेड. १९१४ मध्ये त्यांनी तुरिनमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पहिल्या महायुद्धात विमानांवर काम केलं. पण विमानाला धावपट्टी लागते. जागेवरून सरळ वर उठेल असं यंत्र त्यांना हवं होतं.

१९२५ मध्ये पिएत्रो त्रोयानी या बॅरनच्या पैशावर त्यांनी कंपनी काढली. पहिली दोन मॉडेल्स फसली. तिसरं मात्र उडालं. त्यात एकावर एक असे दोन मोठे पंखे होते आणि ते उलटसुलट दिशेने फिरायचे, त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गिरकी घेत नसे. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चाम्पिनो विमानतळावर हे हेलिकॉप्टर १८ मीटर उंच गेलं, ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत राहिलं आणि १,०७८ मीटर अंतर कापलं. आज हे आकडे किरकोळ वाटतील, पण तेव्हा ते जागतिक विक्रम होते.

विक्रम झाले, गिऱ्हाईक मिळालं नाही. जगभर मंदी होती, पैसे संपले आणि १९३२ मध्ये कंपनी बंद पडली. डास्कानियो पियाजिओ कंपनीत नोकरीला लागले. तिथे त्यांनी विमानांच्या पंख्यांवर उत्तम काम केलं. सोबत पिसा विद्यापीठात शिकवलं. हेलिकॉप्टरचा नाद काही सुटला नाही.

मग दुसरं महायुद्ध आलं. पियाजिओचा पोंतेदेरा इथला विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं तेव्हा हरलेल्या इटलीत विमानं कोण घेणार? रस्ते फुटलेले, खिशात पैसे नाहीत, पण लोकांना कामावर तर जायचं होतं. मालक एन्रिको पियाजिओ यांनी ठरवलं की आता सर्वांना परवडेल अशी दुचाकी काढायची. कंपनीत एक नमुना तयारही झाला होता, पण तो त्यांना पसंत पडला नाही. त्यांनी काम डास्कानियो यांच्याकडे सोपवलं.

इथे एक अडचण होती. डास्कानियो यांना मोटरसायकल अजिबात आवडायची नाही. तेलाने कपडे खराब होतात, बसायला टांग टाकावी लागते, चाक पंक्चर झालं की बदलताना घाम निघतो, अशी त्यांची तक्रार. हीच नावड कामी आली. त्यांनी मोटरसायकल सुधारण्याच्या भानगडीत न पडता कागद कोरा घेतला.

इंजिन मागे नेऊन झाकलं. पाय ठेवायला समोर मोकळी जागा दिली, म्हणजे स्कर्ट घातलेल्या बाईलाही सहज बसता येईल. गिअर हँडलवर आणले. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, त्यामुळे ते काढणं सोपं झालं. सांगाड्याऐवजी पत्र्याच्या बॉडीनेच भार पेलला, तेही विमानातलंच तंत्र. या एमपी-६ नमुन्याची बारीक कंबर आणि इंजिनाचा आवाज यावरून एन्रिको यांना गांधीलमाशी आठवली, असं सांगतात. इटालियनमध्ये गांधीलमाशी म्हणजे व्हेस्पा.

एप्रिल १९४६ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९५६ पर्यंत दहा लाख व्हेस्पा तयार झाल्या. दरम्यान व्हेस्पाच्याच पुढच्या भागाला मागे दोन चाकं आणि माल ठेवायची जागा जोडून तीनचाकी आली. गांधीलमाशीनंतर आता मधमाशी, म्हणजेच 'आपे'.

पुढचा भाग आपल्या ओळखीचा. पुण्याच्या बजाजने पियाजिओच्या परवान्यावर आधी व्हेस्पा आणि तीनचाकी बनवल्या. परवाना संपल्यावर चेतक आली. पियाजिओने पुढे बारामतीत स्वतःचा कारखाना टाकला आणि आपे गावोगावी पोहोचली.

पण आपेत एक मर्यादा राहिली. वळताना गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते. दुचाकी आत झुकून तोल साधते. मागची दोन चाकं घट्ट बसवलेल्या तीनचाकीला झुकता येत नाही, म्हणून वेग कमी करावा लागतो. झुकणारी तीनचाकी करायचे प्रयत्न झाले. १९७० मध्ये ब्रिटनच्या बीएसएने 'एरियल थ्री' ही मोपेड आणली, ती साफ आपटली. २००६ मध्ये पियाजिओनेच एमपी-३ काढली. तिची पुढची दोन चाकं दांड्यांच्या चौकटीने अशी जोडलेली आहेत, की चालकासोबत दोन्ही एकत्र झुकतात आणि रस्त्यावरची पकड टिकते. सिग्नलला झुकणं लॉक केलं की पायही टेकवावा लागत नाही.

डास्कानियो यांनी ती पाहिली नाही. व्हेस्पाच्या यशानंतरही ते हेलिकॉप्टरकडेच परतले होते. १९५० च्या दशकात त्यांच्या एका नमुन्याला अपघात झाला आणि पियाजिओने तो नाद सोडला. पुढे ते आगुस्ता या हेलिकॉप्टर कंपनीत गेले. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. तिथे त्यांनी प्रशिक्षणासाठी छोटं हेलिकॉप्टर रेखाटलं, पण त्याचंही उत्पादन झालं नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये पिसा इथे वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांचं एकही हेलिकॉप्टर बाजारात आलं नाही. त्यांनी नाराजीने हाती घेतलेली स्कूटर मात्र आजही विकली जाते.