नस शोधणारा हात

फिजिओथेरपीच्या प्रात्यक्षिक परीक्षेचे दिवस जवळ आले की वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये एक ठरलेले दृश्य दिसते. एक मित्र खाटेवर ‘रुग्ण’ होऊन पडलेला असतो. दुसरा त्याच्या गुडघ्याचा कोन मोजतो, स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच अशी श्रेणी देतो आणि पायऱ्या तोंडाने घोकत राहतो. लाँग केसमध्ये अर्धांगवायू येईल की मानेचा स्पॉन्डिलोसिस, शॉर्ट केसमध्ये आखडलेला खांदा येईल की गुडघा, यावर पैजा लागतात. मित्राच्या अंगावर हे सगळे जमून जाते, कारण मित्राचा हात धडधाकट असतो आणि त्याला हात लावताना कुणी कचरत नाही.

खरी अडचण येते ती कुष्ठरोगाच्या रुग्णाची तपासणी करताना. देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आल्याचे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. तरी चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलपट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात, त्यामुळे या भागात काम करणाऱ्याला ही तपासणी यावीच लागते. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती अल्नर नावाची नस. रुग्णाचे कोपर थोडे वाकवायचे, एका हाताने त्याचा हात तोलून धरायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे कोपराच्या आतल्या हाडामागच्या खाचेत हलकेच फिरवायची. नस जाड झाली आहे का, हे दोन्ही बाजूंची तुलना करून ठरवायचे. आणि हे करताना नजर बोटांवर ठेवायची नाही, रुग्णाच्या चेहऱ्यावर ठेवायची. सुजलेली नस दुखते आणि ते दुखणे आधी चेहऱ्यावर उमटते. तयारीत सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट हीच.

स्पर्शाची भीती हा या तपासणीतला पहिला अडथळा. त्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्यात, एका धिप्पाड वकिलाचे पायही या भीतीने लटपटले होते.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटचा. घरात त्यांना लहानपणापासून ‘बाबा’ म्हणत, पुढे सगळा देश तसेच म्हणू लागला. वडील सरकारी नोकरीत, वरोऱ्याजवळच्या गोरजा गावी मोठी शेती. शिकार, मोटारीचा शौक, इंग्रजी चित्रपटांचे वेड आणि त्यावर लिहिलेली परीक्षणे, असे श्रीमंत घरच्या मुलाचे तारुण्य त्यांनी उपभोगले. नागपूरला कायद्याचे शिक्षण घेऊन ते वरोऱ्यात वकिली करू लागले. रेल्वेत एका मुलीला त्रास देणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ‘अभय साधक’ म्हटले. भीती ठाऊक नसलेला माणूस, अशी त्यांची ख्याती झाली. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई झाल्या आणि बाबांचे एकही काम त्यांच्याशिवाय उभे राहिले नाही.

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे काम काय असते ते कळावे म्हणून बाबा स्वतः डोक्यावर मैल्याची पाटी वाहत होते. अशाच एका पावसाळी रात्री गटाराशेजारी त्यांना एक गाठोडे दिसले. ते हलले. तो माणूस होता. बोटे झडलेली, जखमांमध्ये अळ्या पडलेल्या. नाव तुळशीराम. अभय साधक तिथून पळाला.

चरित्रात या क्षणाला सहसा दोन ओळी मिळतात, पण आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने बाबांचे पुढचे सगळे काम इथून निघते. घरी पोचल्यावर त्यांना भीतीपेक्षा त्या पळण्याची लाज जास्त वाटली. ते परतले, तुळशीरामला आडोसा करून दिला, जखमा धुतल्या, हाताने खाऊ घातले. तुळशीराम फार दिवस जगला नाही. बाबांनी मात्र स्वतःच्या भीतीवर एखाद्या विषयासारखा अभ्यास सुरू केला. पुस्तके वाचली, कुष्ठरुग्णांच्या जखमा बांधायला शिकले आणि १९४९ च्या सुमारास, डॉक्टर नसतानाही, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाच्या अभ्यासक्रमाला दाखल झाले. पस्तिशीचा वकील तरुण डॉक्टरांबरोबर बसून चट्ट्यावरची संवेदना कशी तपासायची, नस कशी चाचपायची, हे शिकत होता.

तिथे एक प्रसंग घडला. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १८७३ मध्येच शोधला होता. पण हा जंतू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाही, आजही नाही. त्यामुळे औषधे किंवा लस तपासणे फार कठीण जात होते. प्रयोगासाठी माणूस हवा अशी चर्चा निघाली तेव्हा बाबांनी स्वतःचे शरीर देऊ केले. त्यांना जंतू टोचले गेले, रोग काही झाला नाही. आजच्या नियमांनुसार असा प्रयोग कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. शास्त्राला त्यातून फारसे मिळालेही नाही. आता आपल्याला माहीत आहे की बहुसंख्य माणसांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते आणि रोग दिसायला कित्येक वर्षे लागू शकतात. तरी एक गोष्ट राहतेच. ज्याला पाहून पळालो तोच रोग अंगात टोचून घ्यायला हा माणूस तयार झाला होता.

१९५१ च्या जूनमध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झाले. सरकारने दिलेली ५० एकर दगडाळ पडीक जमीन, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, खिशात १४ रुपये आणि सोबत साधनाताई व विकास-प्रकाश ही दोन लहान मुले. पाण्यासाठी विहीर खणण्यापासून सगळे हातांनी करायचे होते, आणि त्यातले बरेचसे हात कुष्ठरोगाने अधू झालेले.

डॅप्सोन हे औषध तोवर भारतात पोचले होते. त्याने जंतू आटोक्यात येत, पण मेलेली नस औषधाने जिवंत होत नसे. हा जंतू शरीराचा थंड भाग शोधतो आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा धरतो. कोपरातली नस गेली की करंगळी आणि अनामिका वाकून पंजा होतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची गेली की पाऊल लोंबते आणि चालताना बोटे घासतात. घोट्याच्या आतली गेली की तळवा बधिर होतो आणि काटा रुतला तरी कळत नाही. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी याच काळात ठामपणे मांडले की बोटे रोग खात नाही. बधिर हात तव्यावर भाजतो, कुदळीच्या दांड्याने सोलतो, जखम दुखत नाही म्हणून माणूस काम चालू ठेवतो आणि बोटे हळूहळू झिजतात. ब्रँड यांचाही जन्म १९१४ चाच. त्यांनी स्नायूबंधांच्या शस्त्रक्रियेने वाकलेली बोटे सरळ केली. पण सरळ झालेल्या बोटाला नवे काम शिकवायला रोजचा व्यायाम लागतो, तो नसेल तर शस्त्रक्रिया वाया जाते. ते शिकवणारा म्हणजे फिजिओथेरपिस्ट. आनंदवन उभे राहिले तेव्हा भारतात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण देणारी शाळाच नव्हती. ती मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काही काळाने निघाली.

म्हणून बाबांनी जे केले ते पाठ्यपुस्तकाबाहेरचे होते. त्यांनी रुग्णांना व्यायाम दिला नाही, काम दिले. शेती, गाई, सुतारकाम, विणकाम, बांधकाम. ज्यांना गावाने हाकलले त्यांनी पिकवलेली भाजी बाजारात कुणी घेईना. १९५४ मध्ये परदेशी स्वयंसेवक येऊन आनंदवनात राहिले, तिथलेच जेवले आणि रुग्णालयाची इमारत बांधायला लागले, तेव्हा गावाची भीड हळूहळू चेपली. आज याला पुनर्वसन म्हणतात आणि परीक्षेत त्यावर प्रश्न असतो: रुग्णाचे ध्येय काय ठरवाल? कोन किती अंशांनी वाढेल, हे अर्धे उत्तर झाले. हा माणूस त्या हाताने काय करणार आहे, हे उरलेले अर्धे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बधिर हातांना कष्टाचे काम देणे ही दुधारी गोष्ट आहे. कामाने स्नायू टिकतात, सांधे आखडत नाहीत, मान परत मिळतो. त्याच कामाने न दुखणाऱ्या जखमाही होतात. म्हणून अशा रुग्णाला काम देताना अवजाराची मूठ जाड आणि मऊ करून घ्यावी लागते, चुलीजवळ कापड वापरायला शिकवावे लागते, आणि रोज संध्याकाळी तळवे डोळ्यांनी तपासून, पाण्यात भिजवून तेल लावायची सवय लावावी लागते. दुखणे जे सांगते ते आता डोळ्यांनी पाहायचे असते. श्रमाचा गौरव करणाऱ्या लेखनात हा भाग बहुधा गळतो.

पुढे मूल तालुक्यात सोमनाथला शेती आणि श्रमाची शिबिरे सुरू झाली. आनंदवनात अंध, मूकबधिर आणि अपंग मुलांसाठी सोयी झाल्या. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. गडचिरोली हा वेगळा जिल्हा तेव्हा व्हायचा होता, तो १९८२ मध्ये झाला. झाडावरून पडलेले, अस्वलाने फाडलेले माडिया रुग्ण मैलोन्‌मैल चालत किंवा खाटेवरून तिथे येऊ लागले.

या सगळ्या वर्षांत बाबा स्वतः रुग्ण झाले होते. मानेचा आणि कमरेचा स्पॉन्डिलोसिस. मणक्यांमधल्या चकत्यांतले पाणी वयानुसार कमी होते, त्या चपट्या होतात, कडेला हाडाचे काटे वाढतात आणि नसा दाबल्या जातात. बहुतेकांना हे थोडेफार होते आणि निभावते. बाबांचे निभावले नाही. शस्त्रक्रिया झाल्या, गळ्यात पट्टा आला, आणि अखेर बसणे हा प्रकारच आयुष्यातून गेला. ते उभे राहू शकत, चालू शकत किंवा आडवे होऊ शकत. लोकांना हे विचित्र वाटे. पण कमरेच्या चकतीवर आडवे असताना सर्वांत कमी दाब येतो आणि वाकून बसल्यावर तो उभे राहण्याहूनही वाढतो, हे मोजमापांतून दिसले आहे. मणक्याच्या रुग्णाला पहिला प्रश्न म्हणूनच हा विचारायचा असतो की दुखणे कशाने वाढते: बसून, उभे राहून की चालून? परीक्षेत घाईने हातोडी काढणारा विद्यार्थी हा प्रश्न सोडतो आणि निदान तिथेच निसटते.

ज्या माणसाला खुर्चीत बसता येत नाही त्याने घरात पडून राहावे, असे कुणालाही वाटेल. डिसेंबर १९८५ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, बाबा कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. तरुण मुले सायकलवर आणि बाबा गाडीत बसवलेल्या बिछान्यावर आडवे. ‘भारत जोडो’ची ही पहिली यात्रा. १९८८ मध्ये दुसरी, इटानगर ते ओखा. खराब रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा अशा पाठीला काय करतो, हे ज्याची कंबर एकदा तरी धरली आहे त्याला सांगायला नको. वैद्यकीय सल्ला म्हणून याची शिफारस कुणी करणार नाही. पण हालचाल थांबली की पाठीचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात आणि लांबलेली विश्रांती बहुतेक पाठींना अपायच करते, हेही आता मान्य झाले आहे. बाबांनी आडवे राहूनही थांबणे मात्र नाकारले.

१९९० मध्ये ते आनंदवन सोडून नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले आणि धरणग्रस्तांच्या लढ्यात सुमारे दशकभर तिथेच राहिले. मॅगसेसे, पद्मविभूषण, टेम्पलटन असे पुरस्कार मिळत गेले.

दरम्यान औषधशास्त्र बदलले. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुचवला आणि सहा महिने किंवा वर्षभरात रोग बरा होऊ लागला. नवा बधिरपणा किंवा नवी कमजोरी साधारण सहा महिन्यांच्या आत लक्षात आली तर स्टेरॉइड देऊन नस अनेकदा वाचवता येते. त्यानंतर ती शक्यता झपाट्याने घटते. म्हणून दरवेळी रुग्णाला करंगळी बाजूला न्यायला सांगायची, अंगठा वर, मनगट वर, पाऊल वर, डोळे घट्ट मिटायला सांगायचे आणि मागच्या नोंदीशी ताडून पाहायचे. पाच मिनिटांची ही तपासणी टळली तर एक हात जातो.

२००७ मध्ये बाबांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी, त्र्याण्णवाव्या वर्षी, आनंदवनातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन न करता त्यांना आनंदवनाच्या मातीत पुरण्यात आले. निरोप द्यायला आलेल्यांमध्ये आनंदवनात आयुष्य काढलेले कुष्ठमुक्त होते. अखेरची माती लोटणाऱ्या हातांमध्ये त्यांचेही हात होते.