शस्त्र न उचलता फाशी गेलेला संपादक : ज्युलियस स्ट्रायशर

हिटलरच्या जर्मनीतले मंत्री, सेनापती, छळछावण्यांचे अधिकारी यांच्याबद्दल आपण बरंच ऐकलेलं असतं. पण युद्धानंतर फाशी झालेल्यांत एक असाही माणूस होता, ज्याचा मुख्य गुन्हा एक साप्ताहिक छापणं हा होता. ज्युलियस स्ट्रायशर त्याचं नाव. आज प्रत्येकाच्या हातातल्या मोबाईलवरून बातम्या पुढं जातात. अशा वेळी त्याची हकीकत घराघरात माहीत असावी, असं आम्हाला वाटतं.

स्ट्रायशरचा जन्म 1885 मध्ये बव्हेरियातल्या एका खेड्यात झाला. वडील शिक्षक होते, तोही प्राथमिक शाळेत शिक्षक झाला. पहिल्या महायुद्धात लढला, पदक मिळवलं. पराभवानंतर देशात बेकारी आणि महागाई वाढली, लोक चिडलेले होते. दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. लोकसंख्येत एक टक्काही नसलेल्या ज्यू समाजावर त्यानं सगळं खापर फोडलं.

1923 मध्ये न्युरेंबर्ग शहरात त्यानं ‘डेर स्टुर्मर’ हे साप्ताहिक काढलं. भाषा सोपी, मथळे भडक, व्यंगचित्रं ओंगळ. ज्यू लोक ख्रिस्ती मुलांचा बळी देतात, ही शेकडो वर्षांची जुनी अफवा त्यानं 1934 मध्ये खास अंक काढून पुन्हा पसरवली. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी चौकाचौकात, बस थांब्यांवर काचेच्या पेट्यांत अंक लावले जायचे. 1935 पर्यंत खप 6 लाखांवर गेला. साप्ताहिक त्याच्या स्वतःच्या मालकीचं होतं, त्यामुळे द्वेषातून पैसाही भरपूर आला.

यातला सगळ्यात भयंकर भाग आम्हाला वाचकांच्या पत्रांचा वाटतो. कोण ज्यूच्या दुकानातून सामान आणतो, कुणाची ज्यू माणसाशी मैत्री आहे, हे वाचक नावानिशी कळवायचे आणि स्ट्रायशर ते छापायचा. नाव छापून आलेल्याला गावात तोंड दाखवणं अवघड व्हायचं. 1938 मध्ये त्याच्या प्रकाशनानं लहान मुलांसाठीही चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात ज्यू माणसाची तुलना विषारी भूछत्राशी केली होती.

स्ट्रायशर नुसता संपादक नव्हता, हेही सांगायला हवं. तो हिटलरच्या पक्षाचा प्रांतप्रमुख होता. 1933 च्या ज्यूविरोधी बहिष्काराचं नेतृत्व त्यानंच केलं. पण भ्रष्टाचार आणि सहकाऱ्यांशी भांडणं यामुळे 1940 मध्ये त्याची पदं गेली. साप्ताहिक मात्र चालूच राहिलं. पूर्वेकडे ज्यूंच्या कत्तली सुरू झाल्या, तेव्हाही त्यांना संपवा असं तो छापत होता. या संहारात सुमारे 60 लाख ज्यू मारले गेले.

1945 मध्ये तो पकडला गेला आणि न्युरेंबर्गमध्येच खटला चालला. मी कुणाला मारलं नाही, मारायचा हुकूम दिला नाही, कत्तलींची मला कल्पना नव्हती, असा त्याचा बचाव होता. पण स्वित्झर्लंडमधून निघणारं एक ज्यू साप्ताहिक त्याच्याकडे येत असे, आणि त्यात कत्तलींच्या बातम्या होत्या. म्हणजे त्याला माहीत होतं, तरी तो लिहीत राहिला. युद्धाचा कट रचल्याच्या आरोपातून तो सुटला, पण मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यासाठी दोषी ठरला. 16 ऑक्टोबर 1946 रोजी त्याला फाशी झाली.

त्याच खटल्यात रेडिओवरून सरकारी प्रचार करणारा हान्स फ्रिट्शे निर्दोष सुटला. लोकांना अत्याचारासाठी भडकवण्याचा त्याचा हेतू होता, हे कोर्टाला पटलं नाही. म्हणजे नुसतं कडवट किंवा खोटं बोलणं आणि संहाराची हाक देणं, यात कोर्टानं फरक केला.

लिखाणासाठी फाशी द्यावी का, यावर कायदेपंडितांमध्ये मतभेद आहेत. उद्या एखादं सरकार याच दाखल्यावर नकोशा पत्रकाराला अडकवेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच हा फरक जपणं गरजेचं आहे असं आम्ही मानतो.

पण कायदा पोचला तो 23 वर्षांनी. तोवर मेलेले परत येणार नव्हते. नावं कळवणारे वाचकही त्या आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते. छापणाऱ्याची जबाबदारी कोर्टाच्या कितीतरी आधी सुरू होते. हे वाचून कोण कुणाच्या दारावर जाईल, हा विचार छापण्याआधी करायला हवा. आणि नुकसान होतंय हे कळल्यावर तरी हात थांबायला हवा. मजकूर आपल्या बाजूचा असला, आपल्यावर झालेल्या जुलमाच्या रागातून आलेला असला, तरीसुद्धा. आम्हालाही हाच नियम लागू आहे, आणि मोबाईलवर पुढं पाठवण्याचं बटण दाबणाऱ्या प्रत्येकालाही.