हबशी पेशवा मलिक अंबर

बदलीचा हुकूम हाती पडला की बिऱ्हाड उचलावयाचे, ही लक्ष्मीबाई नगरातील आम्हां सरकारी नोकरांची रीत. परंतु ज्याला बिऱ्हाडच काय, स्वतःचे नावही सोबत नेता आले नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहोत.

मलिक अंबराचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या धन्याने त्याला अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरास त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच होता. त्याच्या पदरी अंबर राज्यकारभार शिकला व त्याच्या मृत्यूनंतर मुक्त झाला.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही संपली असे सर्वांनी मानले. अंबराने मात्र मानले नाही. परांड्यास दुसऱ्या मुर्तझाला गादीवर बसवून मराठे स्वारांच्या बळावर त्याने पाव शतक मोगलांना झुंजविले. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर १६१९ साली पहिले आफ्रिकी बंदिवान उतरविले गेले, तेव्हा इकडे एक आफ्रिकी माणूस राज्याचा पेशवा होता! जहांगीर बादशहा इतका चिडला की अंबराच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकास आपण बाण मारीत आहोत, असे चित्र त्याच्या दरबारी काढले गेले. चित्रातच काय ते! १६२४ साली भातवडीस तलावाचा बांध फोडून अंबराने मोगल व आदिलशाही फौजांची दाणादाण उडविली. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने लढले.

फायलींत आयुष्य गेलेल्या आम्हांस त्याच्या लढायांहून त्याची महसूलव्यवस्था अधिक मोलाची वाटते. साऱ्याची मक्तेदारी मोडून, जमिनीची प्रत व हाती आलेले पीक पाहून त्याने सारा ठरविला. रयतेच्या हिताची ही दृष्टी पुढच्या मराठी राजवटीलाही उपयोगी पडली. १६१० साली त्याने खडकी गाव वसविले आणि डोंगरपायथ्याचे पाणी भूमिगत नहरींनी तेथे आणले. पुढे कित्येक पिढ्या ते शहर त्या पाण्यावर जगले. खडकीचे फतेहनगर झाले, औरंगाबाद झाले, २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. नहरीचे नाव मात्र अंबरीच राहिले.

१६२६ साली तो वारला. ज्या बादशहाने त्याचा आयुष्यभर द्वेष केला, त्याच्याच दरबारच्या बखरकाराने मृत्युसमयी त्याची मुक्तकंठाने थोरवी गायिली. खुलताबादेस त्याची घुमटाची कबर आहे. जहांगिराचा नातू औरंगजेब त्याच गावी, उघड्या आकाशाखाली, पुरलेला आहे.