त्याने फक्त हात धुवायला सांगितले होते...

मशीन बिघडले की आपण काय करतो? संशय येईल ते एकेक कारण तपासतो, चुकीचे ठरेल ते बाजूला काढतो आणि शेवटी नेमक्या बिघाडावर बोट ठेवतो. इग्नाझ सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरने हीच पद्धत एका हॉस्पिटलमध्ये वापरली, आणि त्याची जबर किंमत मोजली.

सेमेलवाईसचा जन्म १८१८ मध्ये हंगेरीतल्या बुडा शहरात झाला. वडील किराणा मालाचे व्यापारी. कायदा शिकायला म्हणून पोरगा व्हिएन्नाला गेला आणि डॉक्टर होऊन बसला! १८४६ मध्ये तो तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या बाळंतपण विभागात सहायक म्हणून लागला.

तिथे दोन वॉर्ड होते. पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. १८४६ या एका वर्षात पहिल्या वॉर्डात ४०१० बाळंतपणांमागे ४५९ बायका दगावल्या, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त. दुसऱ्यात हेच प्रमाण ३ टक्क्यांच्या आत! कारण एकच, बाळंतपणानंतर येणारा ताप. पहिल्या वॉर्डात टाकू नका म्हणून बायका अक्षरशः हातापाया पडत.

सेमेलवाईस कारणे खोडत गेला. गर्दी? ती तर दुसऱ्या वॉर्डात जास्त. हवा? दोन्हीकडे तीच. बाळंतपणाच्या वेळी झोपवण्याची पद्धत? ती बदलून पाहिली, फरक शून्य. शेवटचा धर्मविधी करायला घंटा वाजवत येणाऱ्या पाद्रीची भीती? त्याचा रस्ता आणि घंटा बदलली, तरी मृत्यू चालूच.

१८४७ मध्ये त्याचा मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या सुरीचा ओरखडा लागून वारला. त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचून सेमेलवाईस हादरला. शरीरात अगदी बाळंतिणींसारखेच बदल! मग डोक्यात ट्यूब पेटली. विद्यार्थी सकाळी प्रेते फाडतात आणि त्याच हातांनी वॉर्डात येऊन बायका तपासतात. सुइणी प्रेतांना हातच लावत नाहीत. म्हणजे मृत्यू आपल्याच बोटांवरून वॉर्डात येतोय.

मे १८४७ पासून त्याने नियम केला. वॉर्डात शिरण्याआधी क्लोरिनेटेड लाइमच्या, म्हणजे आपल्या ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायचे. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर गेलेले मृत्यू जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. १८४८ च्या पूर्ण वर्षात ३५५६ बाळंतपणांत ४५ मृत्यू. विचार करा, ४५९ वरून ४५!

एवढा डेटा हातात असताना जगाने त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते ना? झाले उलटेच. रोगजंतूंचा सिद्धान्त अजून मान्य व्हायचा होता, त्यामुळे हात धुतल्याने ‘का’ फरक पडतो ते त्याला पटवता येईना. शिवाय डॉक्टरच्या हातून रोगी मरतो, हे कुठला डॉक्टर ऐकून घेईल? १८४९ मध्ये त्याची नेमणूक वाढवली गेली नाही. तो पेस्टला परतला. तिथेही त्याने हात धुवायला लावून मृत्यू एक टक्क्याच्या खाली आणले.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. आपले काम त्याने वेळेवर लिहून काढलेच नाही. सुरुवातीला मित्रांनीच त्याच्या वतीने लेख लिहिले, भाषणे दिली. त्याचा स्वतःचा ग्रंथ आला १८६१ मध्ये, तोही विरोधकांवरच्या टीकेने भरलेला. पुढे तर त्याने उघड पत्रे लिहून नामवंत प्राध्यापकांना खुनी ठरवले. ऐकू पाहणारेही दुरावले.

१८६५ च्या जुलैअखेर त्याला फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. तिथल्या रखवालदारांनी त्याला मारहाण केली असे मानले जाते. दोनच आठवड्यांत, १३ ऑगस्टला, जखमेतला संसर्ग रक्तात पसरून तो गेला. वय ४७. ज्या प्रकारच्या विषबाधेशी आयुष्यभर लढला, तिनेच त्याला गाठले. आदल्याच दिवशी ग्लासगोत जोसेफ लिस्टर एका मुलाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधत होता. पुढे जंतुनाशक शस्त्रक्रिया जगाने स्वीकारली ती त्याच्यामुळे.

आज बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला सेमेलवाईसचे नाव आहे आणि हॉस्पिटलमधला संसर्ग रोखायचा पहिला नियम अजूनही हात धुणे हाच आहे. आपण इंजिनिअर मंडळी ‘रीडिंग बरोबर आलं की झालं’ म्हणतो आणि जर्नल लिहायचा कंटाळा करतो. सेमेलवाईसचे रीडिंग तर शंभर टक्के बरोबर होते. पण उत्तर वेळेवर आणि समोरच्याला पटेल असे मांडले गेले नाही, की त्याची किंमत भलतेच लोक मोजतात. इथे ती बाळंतिणींनी मोजली.