बाळू पालवणकर

इंग्लंडचा विल्फ्रेड ऱ्होड्स आणि आपले बाळू पालवणकर हे दोघेही डाव्या हातानें संथ फिरकी टाकणारे, वयानेंही जवळजवळ समान. ऱ्होड्सनें ५८ कसोटी सामन्यांत १२७ बळी घेतले. बाळूंच्या नांवावर एकही कसोटी सामना नाहीं, कारण हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तो १९३२ सालीं, आणि तेव्हां ते छप्पन्न वर्षांचे होते. मग तुलना करावी तरी कशी?

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें चर्मकार कुटुंबांत झाला. पुण्यास युरोपियनांच्या क्लबांत मैदान राखतां राखतां ते ग्रेगसाहेबांस तासन्‌तास सरावाचे चेंडू टाकीत. पुढें हिंदु संघानें त्यांस घेतलें. चेंडू सर्वांनीं एकच हाताळला. चहा मात्र त्यांस तंबूबाहेर, मातीच्या भांड्यांत! १९०६ सालीं मुंबईस याच संघानें युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत बाळूंचे आठ बळी होते.

१९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी मिळविले, तेही बळीमागें एकोणिसांहून कमी धावा देऊन. ऱ्होड्सच्या पाठीशीं यॉर्कशायरचा बलाढ्य संघ असे. बाळूंचा संघ बहुतेक सामने हरला, आणि वय पस्तीस. हें जमेस धरलें तर माझ्या मतें बाळू ऱ्होड्सहून उणे ठरत नाहींत.

हिंदु संघाचें कर्णधारपद त्यांस दिलें गेलें नाहीं. तें १९२३ सालीं धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळालें. बाळू १९५५ सालीं मुंबईस वारले.