खेळ की अभ्यास? : पॉल रोबसनचं विद्यार्थीजीवन



मूल नववीत गेलं की बऱ्याच घरांत एक वाद ठरलेला असतो. दहावीचं वर्ष जवळ येतं आणि बॅट माळ्यावर जाते. याच्या उलटही घडतं. एखादा मुलगा जिल्ह्याला, राज्याला खेळू लागला की त्याच्या वह्यांकडे कुणी बघेनासं होतं. क्रीडा गुण मिळतील, पास होईल, असं म्हणून सगळेच निवांत होतात. या दोन्ही टोकांचा विचार करताना अमेरिकेतल्या पॉल रोबसनची गोष्ट मुलांना जरूर सांगावी. भूपेन हजारिका यांचं गंगेवरचं गाणं आपण ऐकलेलं असतं. त्या गाण्यामागची प्रेरणा म्हणजे याच रोबसनने अजरामर केलेलं मिसिसिपी नदीचं गाणं. पण गायक होण्याआधी तो एक विलक्षण विद्यार्थी आणि तितकाच विलक्षण खेळाडू होता.

बालपण आणि वडिलांची शिकवण

पॉलचा जन्म 9 एप्रिल 1898 रोजी न्यू जर्सी राज्यातल्या प्रिन्स्टन गावी झाला. वडील विल्यम रोबसन जन्माने गुलाम होते. वयाच्या पंधराव्या वर्षी ते मळ्यातून पळाले, पुढे शिकले आणि चर्चमध्ये धर्मोपदेशक झाले. पॉल सहा वर्षांचाही नव्हता तेव्हा घरात आगीचा अपघात झाला आणि त्यात आई गेली. मग वडिलांनीच मुलाला वाढवलं.

वडिलांची शिस्त मोठी, पण मारझोड नव्हती. प्रगतिपुस्तकात सगळीकडे उत्तम श्रेणी आणि एकाच विषयात थोडी कमी असेल, तर ते त्या एका विषयाबद्दल विचारत. वर्गात पहिला आला की नाही, याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. मुलाच्या अंगात जेवढी कुवत आहे तेवढं त्याने केलं का, एवढंच ते पाहत. संध्याकाळी ते पॉलकडून भाषणं म्हणवून घेत, उच्चार दुरुस्त करत. ही एक मोजपट्टी पॉलला जन्मभर पुरली.

शिष्यवृत्ती

1915 साली रटगर्स महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीसाठी राज्यभराची परीक्षा होती. पॉलला तिची माहिती उशिरा कळली. बाकीच्या मुलांनी पहिल्या तीन वर्षांचा भाग आधीच्या वर्षी देऊन टाकला होता. पॉलला चारही वर्षांचा अभ्यासक्रम एकाच बैठकीत लिहावा लागला. तरीही चार वर्षांची शिष्यवृत्ती त्यालाच मिळाली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पॉल महाविद्यालयात गेला तो खेळाच्या जोरावर नव्हे, पेपर लिहून. त्या महाविद्यालयाच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात तो तिसरा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. त्याने प्रवेश घेतला तेव्हा तर एकटाच.

मैदानावरचे पहिले दिवस

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचं आणि समोरच्याला अंगावर घेऊन पाडायचं, असा हा धसमुसळा खेळ. पॉल संघात येऊ पाहतोय म्हटल्यावर गोऱ्या खेळाडूंनी पहिल्याच दिवशी त्याला ठरवून तुडवलं. नाक फुटलं, खांदा निखळला. दहा दिवस तो अंथरुणात होता.

सोडून द्यावं असं त्याला वाटलं नसेल का? पण वडिलांनी मनात एक गोष्ट पक्की बसवली होती. मैदानावर तू एकटा नाहीस, तुझ्यामागून शिकायला आणि खेळायला येऊ पाहणारी कितीतरी मुलं तुझ्या रूपाने तिथे उभी आहेत, अशी ती शिकवण होती. पॉल परत गेला. या वेळी एकाने बुटाने त्याचा हात चिरडला, नखं उखडली. तेव्हा मात्र त्याचा संयम सुटला. पुढच्याच झटापटीत त्याने एका खेळाडूला उचलून डोक्यावर धरलं. आता हा आपटणार, तेवढ्यात प्रशिक्षक सॅनफर्ड यांनी ओरडून सांगितलं की पॉल संघात आला!

अपमान तिथेच थांबले नाहीत. 1916 मध्ये दक्षिणेकडच्या एका महाविद्यालयाच्या संघाने कृष्णवर्णीय खेळाडूसोबत खेळायला नकार दिला आणि रटगर्सने पॉलला बाहेर बसवलं. सामना बरोबरीत सुटला. ज्या संघासाठी तो रक्त आटवत होता, त्याच संघाने त्याला बाकावर बसवलं होतं. गायनाच्या मंडळातही तेच. आवाज हवा होता, पण मंडळाच्या मेळाव्यांत त्याला जागा नव्हती.

चार वर्षांचा ताळेबंद

तरीही चार वर्षांत त्याने काय केलं? फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मैदानी खेळ या चारही प्रकारांत महाविद्यालयाचं प्रतिनिधित्व केलं. प्रावीण्याची गौरवचिन्हं डझनभर तरी मिळवली. 1918 मध्ये देशातल्या सर्वोत्तम फुटबॉल खेळाडूंच्या संघात त्याची निवड झाली. दुसरीकडे वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या. अभ्यासातल्या उच्च गुणवत्तेसाठी असलेल्या फाय बीटा कापा या मानाच्या संस्थेचं सदस्यत्व मिळालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत समुद्रकाठच्या हॉटेलांत वाढप्याचं कामही केलं, कारण घरची परिस्थिती बेताची होती.

हे जमलं कसं? एक कारण तिथल्या व्यवस्थेत आहे. तिथे खेळ ऋतूंप्रमाणे विभागलेले असतात. फुटबॉल शरद ऋतूत, बास्केटबॉल हिवाळ्यात, बेसबॉल आणि मैदानी खेळ वसंतात. त्यामुळे चार खेळ एकाच दिवसात कोंबावे लागत नाहीत. दुसरं कारण पॉलच्या स्वभावात होतं. अभ्यास आणि खेळ यांसाठी त्याच्याकडे दोन वेगळे मापदंड नव्हते. खेळाडू आहे म्हणून अभ्यासात सवलत नाही, आणि हुशार आहे म्हणून मैदानावर अंगचोरपणा नाही.

मे 1918 मध्ये वडील वारले. त्यानंतर काही दिवसांतच वक्तृत्व स्पर्धा होती. मुलाने त्यात उतरावं अशी वडिलांची इच्छा होती. पॉल उभा राहिला, बोलला आणि पहिला आला. 1919 च्या पदवीदान समारंभात वर्गाच्या वतीने भाषण करण्याचा मानही त्यालाच मिळाला.

पुढे काय झालं?

पुढे त्याने कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. त्याच काळात आठवड्याच्या शेवटी तो व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. सोबत रंगभूमीही सुरू झाली. या वेळी अभ्यासात रटगर्ससारखी चमक दिसली नाही. ओझं वाढलं की कुठेतरी ताण पडतोच, हेही मुलांना सांगायला हवं. तरी 1923 मध्ये त्याने पदवी पुरी केली. वकिली मात्र फार टिकली नाही. कृष्णवर्णीय माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घ्यायला कार्यालयातल्या लघुलेखिकेने नकार दिला आणि तो तिथून बाहेर पडला. मग गाणं आणि अभिनय यांनी त्याला जगभर नेलं. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोच्या भूमिकेने 1943 मध्ये न्यूयॉर्कची रंगभूमी गाजवली.

समतेसाठी आणि कष्टकऱ्यांसाठी तो उघडपणे बोलू लागला, तेव्हा 1950 मध्ये सरकारने त्याचा पासपोर्ट काढून घेतला. तो परत मिळायला 1958 उजाडलं. याच सुमारास निघालेल्या फुटबॉलच्या एका संदर्भग्रंथात 1918 च्या सर्वोत्तम संघात अकराऐवजी दहाच नावं छापली गेली. गाळलेलं अकरावं नाव पॉलचं होतं. 23 जानेवारी 1976 रोजी तो वारला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या मानाच्या दालनात त्याला जागा मिळाली ती 1995 मध्ये, मृत्यूनंतर 19 वर्षांनी.

आपण यातून काय घ्यावं?

मैदानावरचं यश दुसऱ्यांच्या हातात असतं. दुखापत होते, निवड समिती डावलते, कुणी यादीतून नावही खोडतं. पॉलचं नाव खोडणाऱ्यांना त्याचं वाचन, त्याची भाषा, त्याचा आवाज खोडता आला नाही. आणि मैदानावर मार खाऊन पुन्हा उभं राहण्याची सवय त्याला पुढच्या पासपोर्टच्या आठ वर्षांत कामी आली नसेल, असं कोण म्हणेल?

म्हणून पालकहो, दहावीच्या वर्षी खेळ पूर्ण बंद करण्याआधी थोडा विचार करा. स्पर्धांचे महिने आणि परीक्षांचे महिने एका कागदावर मुलासोबत बसून मांडा. शिक्षक मित्रांनो, संघातल्या मुलाचा बुडालेला तास त्याला भरून द्या, पण त्याचा पेपर मात्र इतरांसारखाच तपासा. सवलत वेळेची द्यावी, अपेक्षेची नको. आणि निकाल हातात आला की किती गुण पडले याआधी, जेवढं जमण्यासारखं होतं तेवढं केलंस का, हे एकदा विचारून पाहा.