वर्षातून दोनदा फळणारा आंबा

इंदिरानगरच्या आमच्या रो-हाऊसमागे दहा बाय पंधराची जागा आहे. तेवढ्यात एक आंबा, एक सीताफळ, एक पेरू आणि कुंपणाला टेकलेली केळी. बचत गटाच्या बायका आल्या की चहा तिथेच होतो. गेल्या वर्षी ऐन गणपतीत आंब्याला मोहोर आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, अवेळचा मोहोर बरा नसतो, तोडून टाक. मला मात्र बी.ए.ला इतिहासात वाचलेला गार्सिया द ओर्ता आठवला. साडेचारशे वर्षांपूर्वी मुंबईत त्याच्या बागेत असाच एक आंबा होता. एक बहर मे महिन्याअखेर आणि दुसरा नाताळच्या सुमारास.

ओर्ता पोर्तुगालचा. आई-वडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये तिथून हाकलले गेले म्हणून पोर्तुगालला आले, तर १४९७ मध्ये तिथेही सक्तीनं ख्रिस्ती व्हावं लागलं. बाहेर एक नाव, घरात दुसरा धर्म, असं त्या घरांचं जगणं. मुलगा स्पेनमध्ये वैद्यकी शिकला आणि १५३४ मध्ये जहाजानं गोव्याला आला, तो कायमचाच. गोव्यात त्याचा जम चांगला बसला. अहमदनगरच्या (आजचं अहिल्यानगर) बुऱ्हाण निजामशहाकडे तो औषधोपचाराला जायचा, तिथल्या हकिमांशी वाद घालायचा, शिकायचाही. गोव्यातल्या हिंदू वैद्यांकडूनही त्यानं बरंच घेतलं. तिकडच्या जुन्या ग्रंथांत काय लिहिलंय यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांनी काय दिसतं, यावर त्याचा भरवसा.

पुढे मुंबई बेट त्याला सालाना भाड्यानं मिळालं. हो, अख्खं बेट! तेव्हाची मुंबई म्हणजे नारळी, ताडी आणि दलदल. आज टाऊन हॉलच्या मागे नौदलाची हद्द आहे, तिथे त्याचा वाडा आणि बाग होती. स्वतः तो राहायचा गोव्यातच. मुंबईहून भाडेकरू होडीनं आंबे घेऊन यायचा आणि पाहुण्याला ते सुगंधी दारूत भिजवूनही खायला मिळायचे. (आपण आपला आमरसच बरा.)

१५६३ मध्ये गोव्यात त्याचं पुस्तक छापलं गेलं. दोन वैद्यांच्या गप्पांतून इथल्या वनस्पती आणि औषधांची माहिती. आंबा, फणस, जांभूळ, केळी, करवंद, कोकम, नारळ, सगळं आहे त्यात. मला त्यातली अँतोनिया आवडते. ही घरातली दासी. मालकानं हाक मारली की फळ, पान, मूळ आणून समोर ठेवते. कोणतं झाड कुठे आहे हे घरच्या बाईलाच ठाऊक, तेव्हाही आणि आताही. तिच्याबद्दल याहून फारसं काही कळत नाही, याची मात्र रुखरुख लागते. १५६७ मध्ये युरोपात पुस्तकाचा लॅटिन सारांश निघाला आणि आपल्या परसातली फळं तिकडच्या विद्वानांच्या टेबलावर पोहोचली.

पण या सगळ्यामागे भीती होतीच. त्याच्या दोन बहिणींना लिस्बनमध्ये इन्क्विझिशननं, म्हणजे धर्मन्यायालयानं, पकडलं होतं. सुटल्यावर १५४९ मध्ये त्या आईसह भावाकडे गोव्याला आल्या. समुद्रापलीकडे तरी निवांत जगता येईल, असं त्यांना वाटलं असेल. १५६० मध्ये तेच न्यायालय गोव्यात सुरू झालं. अंगणात झाडं वाढवणाऱ्या या घरात शुक्रवारी संध्याकाळी दार किती घट्ट लावून घेत असतील, हे माझ्या मनात येत राहतं.

१५६८ मध्ये ओर्ता गेला. त्याला कुणी हात लावला नव्हता. मोठ्या लोकांचा वैद्य होता ना! तो गेल्यावर मात्र बहीण कातारिनाला धरलं. छळानंतर तिच्याकडून भावाच्याही धर्माबद्दल वदवून घेतलं आणि १५६९ मध्ये तिला जिवंत जाळलं. एवढ्यावरही भागलं नाही. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आयुष्यभर ज्या मातीचा अभ्यास केला, तिच्यातही त्याला राहू दिलं नाही.

मुंबईचा वाडा पुढे दोना इग्नेझ द मिरांडा या बाईंकडे होता. १६६५ मध्ये पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या ताब्यात दिली, ती तिथेच. मग किल्ला उभा राहिला, बाग गेली. पणजीला चर्चसमोरच्या बागेला ओर्ताचं नाव आहे. सहलीला गेलो तेव्हा आम्ही तिथल्या बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले होते. तेव्हा नावाची पाटी वाचलीही नव्हती.

आमचा मोहोर मी तोडला नाही. बराचसा गळला. पौषात अकरा कैऱ्या मिळाल्या, त्यातल्या चार काकूंना दिल्या. त्यांनी तक्कू करून वाटीभर परत पाठवला.